सातव्या दिवसाचा रस्ता

ऑफिसात तिला सगळे नकाशेबाई म्हणत. नाव मालकांनी चेष्टेने ठेवलं होतं, पण ते असं चिकटलं की गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर "जरा नकाशेबाईंना द्या" म्हणू लागली. विमानाची तिकिटं काढणारे पुढच्या काचेच्या खोलीत बसत. तिचं टेबल मागच्या अंगाला, झेरॉक्सच्या मशीनशेजारी. परदेशात गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवत दोन-चार देश पालथे घालणाऱ्यांची वाट आखून देणं हे तिचं काम. रोज किती तास चालवायचं, कुठल्या सीमेवर कोणते कागद वर काढून ठेवायचे, कोणत्या देशात टोलचा स्टिकर आधीच काचेला लावलेला हवा, जुन्या गावात वेशीच्या आत गाडी नेता येते की बाहेर ठेवून बॅगा ओढत जावं लागतं, असं सगळं ती एका स्पायरलच्या वहीत उतरवून देई. एका दिवसाला एक पान. डावीकडे नकाशा, उजवीकडे सूचना. सूचना अशा की शेजारी बसलेल्याने मोठ्याने वाचाव्यात आणि चालवणाऱ्याने नुसत्या ऐकाव्यात.

या वह्यांचं गावभर नाव झालं होतं. गंमत म्हणजे ती स्वतः एकदाही देशाबाहेर गेलेली नव्हती. नवऱ्याची नोकरी फिरतीची, मुलगी शाळेत, घरी सासूबाई. रजा मिळाली की ती कोणाच्या ना कोणाच्या आजारपणात संपे. सासूबाई म्हणत, "उंटावरून शेळ्या हाकायचा पगार मिळतो आमच्या सुनेला." ती हसून सोडून देई. पंधरा वर्षं लोकांचे फोटो बघून, त्यांच्या तक्रारी ऐकून, पत्रं वाचून तिला ते रस्ते असे पाठ झाले होते की डोळे मिटले तरी पुढचा पेट्रोल पंप दिसे.

त्या सगळ्यांत तिचा लाडका होता तो घाट. तिच्या नेहमीच्या वाटेवर दुसरा देश संपून तिसरा सुरू होतो तिथे मध्ये डोंगर आडवा येतो. त्याच्या पोटातून बोगदा जातो, अकरा किलोमीटरचा. पंधरा मिनिटांत माणूस पलीकडे. आणि डोंगराच्या डोक्यावरून जुना घाट जातो, सत्तावीस वळणांचा. त्याला दोन तास लागतात. माथ्यावर दगडाच्या वाटीत ठेवल्यासारखं तळं आहे, आणि उतरताना एका वळणावर खालचं तटबंदीचं गाव लाल छपरांसकट एकदम समोर येतं. ती सगळ्यांना घाटानेच पाठवायची. परत आलेला प्रत्येक जण दुसरं काही विसरला तरी घाटाबद्दल बोलायचा, आणि ती ते असं ऐकायची, जणू कोणी तिच्या माहेरचं कौतुक करतंय. पुढे पुढे तर ती त्याला "आपला घाट" म्हणू लागली.

दोन वर्षांपूर्वी हिवाळा सरता सरता एक जोडपं तिच्याकडे आलं. गृहस्थ कवळ्या बनवायचे. अडतीस वर्षं राहत्या घराच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दात घडवले होते. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. समोरच्याशी बोलताना त्यांची नजर सवयीने त्याच्या तोंडाकडे जायची आणि मग ते ओशाळून दुसरीकडे बघायचे. बायको अगदी उलट. शाळेत पीटीच्या बाई होत्या, रिटायर झाल्या तरी आवाजातली शिट्टी गेली नव्हती.

"सोळा दिवस, चार देश," पीटीच्या बाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं. "डोंगर हवेत आणि जुनी गावं हवीत. गाडी हे चालवणार. मी शेजारी बसून ओरडणार."

नकाशेबाईने नकाशा पसरला. मिठाच्या खाणींचं शहर, सात पुलांचं शहर, मग तिसऱ्या देशात उतरताना घाट. घाटाशी आल्यावर तिचं बोट नेहमीसारखं सावकाश वर चढू लागलं. तळं, वाटी, लाल छपरं, सगळं सांगून झालं.

"ह्यांना घाट?" पीटीच्या बाई हसायला लागल्या. "अहो, हे स्टुलावर चढत नाहीत. घरातले बल्ब मी बदलते. आमच्या लग्नात ह्यांना देवळाच्या पायऱ्या चढवताना दोघांनी धरलं होतं."

"दोघांनी नाही, एकाने," गृहस्थ म्हणाले, आणि तेही हसले.

"जाऊ की मग घाटाने," बाई म्हणाल्या. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. एकदा वर जाऊन बघा, ब्रह्मराक्षस नसतोच तिथे."

दुसऱ्या दिवशी दुपारी गृहस्थ एकटे आले. तिकिटाच्या खोलीत कोणी नाही ना हे बघून ते मागे आले आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. दातांच्या डॉक्टरांशी उभा जन्म कामाच्या चिठ्ठ्यांवरच बोलायची सवय. बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: सातवा दिवस — बोगदा. घाट नको. घरी सांगू नये.

"तिची हौस मोडायची नाही मला," ते म्हणाले. "वहीतच बोगदा असला म्हणजे प्रश्न मिटला. ती वाचेल, मी वळेन. घाट दुरुस्तीला बंद आहे असं लिहा हवं तर."

"काका, एकदा गेलात तर तुम्हीच म्हणाल—"

"नाही हो," ते इतकंच म्हणाले. मग थोडं थांबून, "उंचावर गेलं की माझे हात माझे राहत नाहीत. तिला ते ठाऊक नाही. तिला वाटतं गंमत आहे."

"बरं काका," ती म्हणाली.

आणि तिने ते मनापासूनच म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात वही करायला बसली तेव्हा सातव्या दिवसाला बोगद्याचं पान तिने केलंही. दोन ओळींचं पान झालं. सरळ जा, बोगदा, बाहेर पडा. सोळा पानांत ते एक पान दात पडलेल्या जागेसारखं दिसत होतं. घाटाचं पान कॉम्प्युटरमध्ये तयार होतं, वर्षानुवर्षं घासूनपुसून लख्ख केलेलं. तिला आठवलं, मागे एक बाई अशाच घाबरत गेल्या होत्या आणि परत आल्यावर त्यांनी तिला मिठी मारली होती. काकाही आशीर्वाद देतील. काकूंची हौसही होईल. आणि अगदीच नको वाटलं तर फाट्यावर बोगद्याची भली मोठी पाटी आहेच. तिने घाटाचं पान घातलं, वही बांधली आणि चिठ्ठी फाइलला लावून टाकली. चहा यायच्या आधी हे सगळं उरकलं होतं.

जुलैमध्ये आठव्या दिवशी सकाळी तटबंदीच्या गावातल्या हॉटेलातून फोन आला, की काल यायचे पाहुणे आलेच नाहीत. तासाभराने दुसरा फोन आला. गृहस्थ घाटात गेले होते. अपघात नव्हता. हार्ट अटॅक.

पुढचे चार दिवस तिने घरचं तोंड धड पाहिलं नाही. विम्याचे कागद, दोन भाषांतले दाखले, पार्थिव आणायची व्यवस्था, परक्या गावात एकट्या पडलेल्या पीटीच्या बाईंना विमानात बसवून देणारं माणूस, सगळं तिने टेबलावर बसून जमवलं. मालकांनी चार लोकांत सांगितलं, "बाई होत्या म्हणून निभावलं." त्याच दिवशी तिने फाइलमधून ती चिठ्ठी काढली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली. का घातली हे तिने स्वतःला विचारलं नाही.

वर्ष गेलं. ती वह्या करत राहिली. घाटाचं पान आलं की हात थोडा जड व्हायचा, एवढंच.

मग एक दिवस पीटीच्या बाई दारात उभ्या राहिल्या. सोबत त्यांचा भाचा होता, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारा, चाळिशीचा, अबोल. बाई वाळल्या होत्या. गुडघ्याने दगा दिला होता आणि हातात काठी आली होती. पण खुर्चीत बसायच्या आधीच बोलायची सवय तीच होती.

"आमचे दहा दिवस राहिलेत," त्या म्हणाल्या. "सातवा ते सोळावा. हा चालवेल. मला ते पुरे करायचेत."

नकाशेबाईने नकाशाची घडी पुढे ओढली. "सातवा... म्हणजे बोगद्यातून—"

"घाटातून. गेल्या वेळचंच पान ठेवा. मी वाचेन, हा ऐकेल."

दर मंगळवारी त्या येऊ लागल्या. तसं फोनवर भागलं असतं. वही तर जवळजवळ तयारच होती. हॉटेलं बदलायची, तारखा बदलायच्या, भाच्याच्या परवान्याचे कागद जोडायचे. पण त्या यायच्या, झेरॉक्सच्या मशीनला टेकून काठी ठेवायच्या आणि चहा येईपर्यंत बोलत राहायच्या. कधी हसायच्याही. तुम्हीवरून त्या केव्हा तूवर आल्या ते दोघींना कळलं नाही. नकाशेबाईला मंगळवार उजाडूच नये असं वाटायचं, आणि त्या यायला उशीर झाला तर ती दाराकडे बघत बसायची.

तिसऱ्या मंगळवारी भाचा आला नव्हता.

"त्या फाट्याच्या आधी पेट्रोल पंप आहे," पीटीच्या बाई मध्येच म्हणाल्या.

"आहे. निळ्या छपराचा."

"तिथून निघालो. मी वाचत होते. 'फाट्याला डावीकडे वळा. बोगद्याच्या पाटीकडे दुर्लक्ष करा.'"

नकाशेबाईने मान खाली घातली. हे वाक्य तिचंच होतं. ते त्या पानावर आहे हे ती साफ विसरली होती.

"तर ह्यांनी गाडी कडेला घेतली. म्हणाले, बघू वही. मी दिली. ते पान वाचलं. मागचं पान उलटलं, पुढचं बघितलं, पुन्हा तेच पान वाचलं. मला वाटलं चष्मा लागत नाहीये. मी म्हटलं, काय झालं, दातखीळ बसली? तसे म्हणाले, काही नाही. वही माझ्या मांडीवर ठेवली आणि डावीकडे वळवली."

मशीनमधून कोणाचे तरी कागद बाहेर पडत होते. बाई ते थांबेपर्यंत थांबल्या.

"सतरा वळणं चालवली त्यांनी. एक शब्द नाही. अठराव्याला थोडी मोकळी जागा होती तिथे थांबवली. हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मागचे हॉर्न वाजवतायत, आणि मी हसतेय. मी म्हटलं, चला भित्री भागूबाई, खाली उतरा, वारा घ्या. उतरले. दरीकडे बघायचं टाळत, डोंगराला पाठ टेकून खाली बसले. शर्टाचं वरचं बटण काढत होते, ते निघत नव्हतं. मी फोटो काढला."

"फोटो?"

"घरी आल्यावर चिडवायला." बाईंनी काठी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. "दुसरा काढायला थोडी मागे सरले. तेवढ्यात ते बाजूला कलंडले."

चहा आला. कोणी घेतला नाही.

"मला एकच गोष्ट कळत नाही," बाई म्हणाल्या. "बोगदा होता. पाटी ढळढळीत होती. मग घाट का धरला त्यांनी? वर्षभर मी हेच दळण दळतेय. माझ्यामुळेच असणार. जन्मभर चिडवलं, त्या दिवशी मनात आणलं असेल, दाखवतोच हिला एकदा. म्हणजे मीच ढकललं त्यांना वर." त्यांनी नकाशेबाईकडे बघितलं. "तुझ्याशी काही बोलले होते का? एकदा एकटे येऊन गेले होते ना? मला नंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसलं. तुमच्या ऑफिसचं नाव लिहिलं होतं."

"टोलच्या स्टिकरचं विचारायला आले होते," नकाशेबाई म्हणाली.

ते तिच्या तोंडून इतक्या सहज निघालं की तिची तिलाच भीती वाटली.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. समोर सासूबाई. थोड्या वेळाने सासूबाईंच्या लक्षात आलं की सून सालं पातेल्यात टाकतेय आणि दाणे केराच्या ताटलीत.

"काय खवखवतंय?" त्यांनी विचारलं. "खाई त्याला खवखवे. बोल."

ती बोलली. आधी तुटक, मग सगळंच. चिठ्ठी पर्समधून काढून दाखवली. सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली, घडी घालून परत दिली.

"उद्धटपणा केलास," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची भीती आपण मोजायची नसते."

"काकूंना वाटतंय, काका आपल्यामुळे गेले. आई, मी सांगितलं तर निदान त्यांच्या डोक्यावरचं उतरेल."

"तुझ्या डोक्यावरचं उतरेल, ते आधी. तिचं उतरेल की नाही, तिलाच माहीत." सासूबाई केरातले दाणे वेचू लागल्या. "सांग. सांगायला तर हवंच. पण सांगितलं म्हणजे फिटलं, असं धरून जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी तिने मालकांना सांगितलं. तिला वाटलं होतं ते ओरडतील, निदान खुर्चीतून उठतील. ते डोळे चोळत म्हणाले, "बाई, डॉक्टरच्या दाखल्यावर काय लिहिलंय? हृदयविकार. घाट लिहिलाय का कुठे? माणसाची वेळ भरली की तो पलंगावरही जातो. ती चिठ्ठी फाडा आणि कामाला लागा." मग दयेने जरा हळू आवाजात, "तुम्ही त्या वेळी किती धावपळ केलीत, मी विसरलेलो नाही."

हे ऐकून तिला रडू आलं, आणि मालकांना वाटलं आपण धीर दिला.

मंगळवारी पीटीच्या बाई आल्या. भाचा खाली गाडी लावत होता. वही बांधून तयार होती. नकाशेबाईने वहीऐवजी चिठ्ठी समोर ठेवली. पाठ करून ठेवलेलं सगळं विसरली आणि एवढंच म्हणाली, "काकू, ते स्टिकरचं विचारायला आले नव्हते. हे द्यायला आले होते. मी हो म्हटलं आणि तरी घाटाचं पान लावलं."

बाईंनी चिठ्ठी उचलली. त्यात जेमतेम सात-आठ शब्द होते, पण त्या बराच वेळ वाचत होत्या.

"अक्षर त्यांचंच," त्या म्हणाल्या.

"त्यांनी आपणहून घाट धरला नव्हता, काकू. त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे—"

"थांब जरा."

पुढच्या खोलीत कोणीतरी कोणाला तरी खिडकीजवळची सीट हवी का विचारत होतं.

"घरी सांगू नये," बाईंनी मोठ्याने वाचलं, ज्या आवाजात त्या वही वाचत असतील त्याच आवाजात. "म्हणजे तुला सांगितलं. मला नाही."

"तुमची हौस मोडू नये म्हणून—"

"आणखी काय म्हणाले?"

नकाशेबाईला खोटं बोलायचं होतं. पण एकदा खोटं बोलून झालं होतं. "म्हणाले, उंचावर गेलं की माझे हात माझे राहत नाहीत. तिला ते ठाऊक नाही. तिला वाटतं गंमत आहे."

बाईंनी मान हलवली, वर्गात एखाद्या मुलाने बरोबर उत्तर दिल्यासारखी. त्यांचा चेहरा पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा झाला होता.

"बेचाळीस वर्षं एका बशीत बिस्किटं बुडवली आम्ही," त्या म्हणाल्या. "आणि 'मला भीती वाटते' हे सांगायला हा माणूस कुठे गेला, तर झेरॉक्सच्या मशीनपाशी."

"काकू, चूक माझी आहे. तुम्ही मला वाट्टेल ते बोला."

"तुला काय बोलू? तू कोण माझी?" हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. त्या अजून विचार करत होत्या, आणि एकेक गोष्ट जागेवर बसत होती. "फाट्यावर वही बघितली तेव्हा त्यांना कळलं. पान चुकलंय हे कळलं. नुसतं म्हणायचं होतं, अगं, मी बोगदा सांगितला होता. एवढंच. पण मग मी विचारलं असतं, का सांगितला? आणि मी हसले असते. म्हणून नाही बोलले." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "माझ्या हसण्यापेक्षा ती वळणं सोपी वाटली त्यांना."

भाचा आत आला आणि दोघींकडे बघून दारातच थबकला. बाई काठी घेऊन उठल्या. वही टेबलावरच राहिली. नकाशेबाईने ती उचलून भाच्याच्या हातात द्यायचा प्रयत्न केला, तर बाई वळूनही न बघता म्हणाल्या, "नको ते. चल."

दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. हॉटेलं रद्द करा. मावशी येत नाही म्हणते. कारण सांगत नाही. जेवायलाही उठत नाही. "तुमच्याकडे काही झालं होतं का?" त्याने विचारलं, आणि नकाशेबाईने त्यालाही सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तुम्ही नसतं सांगितलं तर ती गेली असती हो. वर्षाने घराबाहेर पडत होती." मग फोन ठेवला.

पंधरा दिवस तिने कळ काढली. मग एका रविवारी सकाळी पत्ता शोधत गेली. चौथ्या मजल्यावरचं घर. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबली तेव्हा तिला वाटलं परत फिरावं. पण ती वर गेली.

दार बाईंनीच उघडलं. केस विंचरलेले नव्हते. काही न बोलता त्या वळल्या आणि ती मागोमाग गेली. समोरच्या खोलीत बसवतील असं तिला वाटलं होतं, पण त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या. तिथे काकांचं काम चालायचं. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने ठेवलेले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने नंबर. टेबलावर बारीक कानस, पॉलिशचं चाक, आणि वाटीत सुकून तडकलेलं गुलाबी मेण. बाई त्यांच्या स्टुलावर बसल्या. तिला बसायला दुसरं काही नव्हतं.

"काकू, मी काही मागायला आले नाही," ती म्हणाली.

"माफी मागायला आली असशील."



बाईंनी फोन काढला, बोटाने चाळला आणि तिच्यासमोर धरला. "बघ."

"नको, काकू."

"बघ. मी एकटीनेच का बघायचं?"

तिने बघितलं. करड्या खडकाला टेकून ते बसले होते. बाजूला वळणाचा नंबर दाखवणारा पांढरा दगड, त्याच्यावर अठरा आकडा. एक हात कॉलरपाशी. चेहरा ओल्या कागदासारखा पांढरा. आणि ते हसत होते. बायकोने फोन रोखलाय हे दिसल्यावर हसायचा जो प्रयत्न माणूस करतो तो ओठांपर्यंत पोचला होता, वर चढला नव्हता.

"मला गंमत वाटावी म्हणून हसतायत," बाई म्हणाल्या. "त्याही वेळेला. मी हा फोटो रोज बघायचे. मला वाटायचं, निदान शेवटी हसत होते. आता मला दिसतं ते काय आहे."

नकाशेबाईने फोन परत दिला.

"मला राग येत नाही तुझा," बाई म्हणाल्या. "आला असता तर बरं झालं असतं. आधी मी स्वतःवर रागवायचे, मध्येच त्यांच्यावर रागवायचे, भांडायचे या खोलीत येऊन. उत्तर देत नाहीत म्हणून भांडायचे. आता कशावरून भांडू? त्यांनी उत्तर लिहून ठेवलं होतं." त्यांनी टेबलावरची कानस उचलून जागच्या जागी सरळ केली. "तू येत जाऊ नकोस. तू समोर आलीस की मला एवढंच दिसतं, की ते तुझ्याशी बोलले होते."

ती दारापर्यंत आली. बाई मागून आल्या, भिंतीला धरत.

"लिफ्ट बंद आहे," त्या म्हणाल्या. "सावकाश उतर."

सोमवारी ती कामावर गेली. रजा शिल्लक नव्हती. मालकांकडे तिने तिकिटांच्या खोलीत बदली मागितली; ते म्हणाले सीझन होऊ द्या, मग बघू. तिने घाटाचं पान कॉम्प्युटरमधून काढून टाकलं आणि सगळ्यांना बोगद्याने पाठवू लागली. महिनाभरात दोघांनी तक्रार केली, की आमच्या मित्रांना तुम्ही तळं दाखवलंत आणि आम्हाला नाही. मालकांनी तिला बोलावून समजावलं, मग स्वतः बसून जुन्या वहीवरून ते पान पुन्हा टाइप करून घेतलं, वाक्य न वाक्य.

पावसाळा संपता संपता भाचा एकदा रस्त्यात भेटला. मावशीला त्याने स्वतःकडे आणलं होतं. कवळ्यांची खोली रिकामी केली, जबडे कोणाला हवेत का म्हणून विचारलं तर कोणालाच नको होते. गाडी विकली. मावशी कशी आहे, असं तिने विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "बसून असते. आमची धाकटी शाळेच्या कार्यक्रमात पिरॅमिडच्या टोकावर चढणार नाही म्हणून हटून बसली होती. आम्ही सगळे तिला हसत होतो. तर मावशी एकदम ओरडली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हसू नका म्हणाली. मग आत गेली ती दोन दिवस बोलली नाही कोणाशी."

त्याची बस आली. तो चढला. नकाशेबाईची बस दुसऱ्या बाजूने यायची होती. ती रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभी राहिली. दोन बस भरून आल्या आणि न थांबता गेल्या. तिसरी थांबली, पण तिच्या डोक्यात ते 'हसू नका' घुमत होतं आणि तिने चढायचा प्रयत्न केला नाही.